नगरला येताय? भाव आधी विचारा

नगर जिल्ह्यात राहणाऱ्या घरांना वर्षातून दोनदा पाहुण्यांचा हंगाम असतो. एक मे महिन्याच्या सुट्टीत, दुसरा दिवाळीच्या सुट्टीत. भिवंडीची खाला येते, सोलापूरची नणंद येते, पुण्याचे मामू सहकुटुंब गाडी काढून येतात. दोन दिवस गप्पा आणि दावती झाल्या की तिसऱ्या दिवशी मुले विचारतात, फिरायला काय आहे? मग आम्ही यादी सांगतो. भुईकोट किल्ला, चांदबीबी महाल, फराहबाग, रणगाड्यांचे संग्रहालय. दूर जायचे तर भंडारदरा, नाहीतर संभाजीनगरच्या रस्त्याने खुलदाबाद. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ अशीच हाक ऐकू येते. मीही सवयीने तेच लिहिते.

या यादीबरोबर मी आणखी एक गोष्ट सांगते. रस्त्यात तुम्हाला कोण थांबवेल आणि काय म्हणेल, ती. पाहुण्यांना ते आधी आवडत नाही. आपल्याच जिल्ह्याची बदनामी कशाला, असे आमच्या घरातलेही म्हणतात. पण परगावी आलेला माणूस आंधळ्यासारखा असतो. कुठला रस्ता कुठे जातो, कशाची काय किंमत, कोण खरा आणि कोण खोटा, काहीच त्याला दिसत नाही. जकातीच्या आठ हकदारांमध्ये मुसाफिराचेही नाव आहे, मग तो आपल्या घरी कितीही खातापिता असो. वाटेत तो कमजोर असतो, हे त्यात मानलेले आहे.

नगरहून संभाजीनगरकडे निघाले की सुमारे पस्तीस किलोमीटरवर घोडेगाव लागते. तिथून आत पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. हे गाव जगाला माहीत आहे ते घरांना दारे नसलेले गाव म्हणून. नुसती चौकट, फार तर कुत्रे आत येऊ नये म्हणून एखादी फळी. शनिदेवाच्या गावात चोरी करणाऱ्याला शिक्षा होते, ही त्यामागची श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली, तेव्हा बँकेलाही नेहमीसारखे कुलूप लावले नाही म्हणून देशभर बातम्या झाल्या. पोलीस ठाणे तर गावाला २०१५ मध्ये मिळाले.

अशा गावाच्या वाटेवर एक शब्द जन्माला आला आहे. लटकू. मराठी वर्तमानपत्रांत ‘लटकूंवर कारवाई’ असा मथळा अधूनमधून येतो. भाविकांच्या गाडीला अक्षरशः लटकून तिला ठरावीक दुकानापर्यंत नेणारी ही पोरे. आता ती मोटारसायकलवर असतात. बाहेरच्या पासिंगची गाडी दिसली की शेजारून चालवत खिडकीजवळ येतात. ‘पुढे पार्किंग फुल्ल आहे, माझ्यामागे या, पार्किंग फुकट.’ गाडी फुकट लागते हे खरे. ती एका दुकानाच्या अंगणात लागते आणि तिथे तेल, काळे कापड, रुईची पाने, नाल असे सगळे भरलेले ताट तयार असते.

आपण तर दर्शनाला जात नाही, मग आपल्याला काय, असे वाचकांना वाटेल. पण खुलदाबादला निघालेल्या गाडीलाही हाच रस्ता आहे. लटकू काचेतून धर्म पाहत नाही, नंबर प्लेट पाहतो.

हे मला ऐकीव माहितीवरून नाही कळले. नेवासे तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी काही वर्षे मराठी शिकवत होते. तीन वर्षांपूर्वी घरची मंडळी घेऊन खुलदाबादला जाताना आम्ही चहाला थांबलो, तर एक मोटारसायकल गाडीजवळ आली. पोराने वाकून खिडकीवर हात ठेवला, आत पाहिले आणि हात काढून घेतला. ‘मॅडम, तुम्ही?’ आठवीत आणि नववीत तो माझ्या वर्गात होता. निबंध चांगला लिहायचा. शुद्धलेखन मात्र कच्चे.

आम्ही त्यालाही चहा पाजला. धंदा कसा चालतो ते त्याने काही न लपवता सांगितले. बहुधा मी अजून त्याची शिक्षिका होते म्हणून. ‘मॅडम, आम्ही भाव सांगतच नाही,’ तो म्हणाला. ‘गिऱ्हाईक विचारत नाही तोवर ताट हातात द्यायचं. एकदा ताट हातात गेलं, पायातलं बूट निघालं, की माणूस मागं फिरत नाही. देवाच्या दारात पैशावरून भांडण कोण करील? बायको पण म्हणती, जाऊ द्या, देऊन टाका.’ पैसे परत येताना घ्यायचे, तेही दुकानदाराने. तोवर पोरगा पुढच्या गाडीमागे गेलेला असतो. त्यामुळे ‘त्याने तर असं सांगितलं होतं’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. ताटाच्या पैशांतला वाटा संध्याकाळी हिशेबाने मिळतो.

मी विचारले, आणि कोणी आधीच भाव विचारला तर? तो हसला. ‘विचारणाऱ्यापाशी आम्ही थांबत नाही. तेवढ्यात दुसरी गाडी निघून जाती.’

या एका वाक्यात मला सगळे सार सापडले. लुबाडणारा माणूस खोटे फार बोलत नाही. तो गप्प बसतो. आपल्याकडे ‘भीड ही भिकेची बहीण’ म्हणतात, तिच्यावरच त्याचे पोट चालते. चारचौघांत किंमत विचारणे आपल्याला हलकेपणाचे वाटते. पाहुण्यांसमोर तर जास्तच. भाजीवाल्याकडे पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी आपली बाईमाणसे दर्ग्याच्या किंवा देवळाच्या दारात गप्प होतात.

मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतून धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसात भिजले. तो खोटे बोलला नव्हता, त्याने किंमतही जास्त सांगितली नव्हती. त्याने फक्त ओले खाली आणि कोरडे वर ठेवले होते. तेवढ्यावरच पैगंबरांनी त्याला फसवणूक म्हटले. भाव न सांगता ताट हातात देणे हे मला त्या ढिगासारखे वाटते. त्या पोराला मी हे सांगितले का? नाही सांगितले. घरी किती माणसे आहेत ते विचारले. दीड एकर जमीन, पाऊस पडला तर बाजरी, नाहीतर काही नाही. बारावीनंतर शाळा सुटली. त्याचा धंदा त्यामुळे हलाल होत नाही, पण त्याला नुसता चोर म्हणून हातही झटकता येत नाही.

शिर्डीत याच माणसाचे नाव बदलते. तिथे त्याला पॉलिशवाला म्हणतात. २०१७ मध्ये काकडीला विमानतळ झाला, २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत सुरू झाली, आंध्र आणि तेलंगणातून तर वर्षभर गाड्या येतात. एवढी माणसे आली की त्यांच्याबरोबर पॉलिशवालेही वाढणारच. शिर्डीला आपली माणसेही जातात. कोणी कामासाठी, कोणी शेजाऱ्यांबरोबर, कोणी द्वारकामाई पाहायला. ही जागा मुळात एक पडीक मशीद होती, आणि साईबाबा १९१८ मध्ये वारले तोवर तिथेच राहत होते. शाळेच्या सहलीही हमखास जातात.

पॉलिशवाल्याची तऱ्हा अशी. ‘चपला इथे ठेवा, आत चोरी होते.’ चपला ठेवल्या की त्या दुकानातून काहीतरी घ्यावे लागते. किंवा ‘आज चार तासांची रांग आहे, माझी आत ओळख आहे, व्हीआयपी पास करून देतो.’ साधे दर्शन मोफत आहे आणि प्रसादालयातले जेवणही मोफत आहे, हे ज्याला माहीत नाही तो या वाक्यात अडकतो. ज्यांना लवकर जायचे आहे त्यांच्यासाठी सशुल्क पास आहेत, पण ते संस्थान स्वतः देते, आपल्या खिडकीवर आणि आपल्या संकेतस्थळावर. मधल्या माणसाची गरजच नाही. तीच गोष्ट राहण्याची. संस्थानचे भक्तनिवास आहेत, त्यांचे बुकिंग संस्थानकडेच होते.

सहलीच्या वेळी मी मुलांना एकच काम देते. कुठेही पोहोचलो की आधी अधिकृत खिडकी कुठे आहे ते शोधायचे. तिथला दरफलक मोठ्याने वाचायचा. सातवीची पोरे हे इतक्या उत्साहाने करतात की आजूबाजूच्या दलालांना ते नकोसे होते. चाळीस मुले एका सुरात दर वाचत असतील तर तिथे कोण थांबेल?

पण आता खिडकीच बनावट निघू लागली आहे. फोनमधली खिडकी म्हणते मी. २०२५ मध्ये शनिशिंगणापूर देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे गोळा केल्याचे प्रकरण निघाले. ते विधानसभेपर्यंत गेले आणि गुन्हाही नोंदला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने देशभरच्या यात्रेकरूंना इशारा दिला होता. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामची निवासव्यवस्था, सोमनाथचे अतिथिगृह अशा नावांची खोटी संकेतस्थळे आणि फेसबुकची पाने काढून पैसे घेतले जात होते. लटकू निदान समोर उभा असतो. हा माणूस कुठल्या राज्यात बसला आहे, तेही कळत नाही.

गुगलवर हॉटेलचे नाव टाकले की जो फोन नंबर वर येतो तो हॉटेलचाच असेल असे नाही. तो बाहेरच्या माणसालाही बदलून टाकता येतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, खोल्यांचे फोटो पाठवतो, ‘दोनच खोल्या उरल्यात, अर्धे पैसे आत्ता टाका’ म्हणतो. मग ‘चुकून जास्त आले, परत पाठवतो, पिन टाका’ म्हणतो. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन फक्त देताना लागतो. एवढे वाक्य घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला पाठ करून द्या, नमाजच्या वेळा सांगतो तसे.

भंडारदऱ्याला हे सगळ्यात जास्त होते, असे अकोल्याकडचे आमचे सहकारी सांगतात. मे संपताना, जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला मुंबई-पुण्याची गर्दी तिकडे लोटते. विल्सन धरणाचा जलाशय, रंधा धबधबा, वर कळसूबाईचे १६४६ मीटरचे शिखर. जागा खरोखर सुंदर आहे. इन्स्टाग्रामवर पाण्याच्या अगदी काठाला लावलेल्या तंबूचे फोटो दिसतात. आगाऊ पैसे भरून माणूस तिथे जातो, तर फोटोतला तंबू दुसऱ्याचाच असतो, किंवा तंबू काठापासून लांब शेतात असतो, किंवा फोनच बंद असतो. रात्री नऊ वाजता लेकरे घेऊन जंगलाच्या रस्त्यावर उभे राहिल्यावर माणूस मागतील तेवढे पैसे देतो.

यावर उपाय सोपा आहे. बुकिंगआधी व्हिडिओ कॉल करा आणि सांगा, आत्ता मागे धरण दाखवा. खरा माणूस लगेच फोन फिरवतो. गावाचे नाव विचारा, त्या गावातल्या दुसऱ्या एखाद्या दुकानाचा नंबर विचारा. सगळी रक्कम आधी देऊ नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशाचे पैसे द्यावे लागतात, ते द्या आणि पावती घ्या. पावती नसेल तर तो नाका नव्हे. आणि शक्य असेल तर तिथल्या आदिवासी घरांतच जेवा. तांदळाची भाकरी, हुलग्याचे पिठले, ठेचा. किती माणसे, किती पैसे हे ते लोक चूल पेटवण्याआधी सांगतात. आमच्या जिल्ह्यात इतका सरळ व्यवहार मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

मध्येच एक वेगळी फसवणूक सांगते, जिच्यात पैसे जात नाहीत. पाथर्डी रस्त्याला शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर डोंगरावर जो तीन मजली अष्टकोनी महाल दिसतो, त्याला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. पोस्टरवर तेच, रिक्षावाल्याच्या तोंडी तेच. तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. मुर्तजा निजामशाहचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. तिथे भेटणारा हौशी गाइड चांदबीबी या खिडकीत बसून मोगलांची फौज पाहत असे, इथून भुयार थेट दौलताबादला निघते, असे काहीही सांगतो. आमच्या नणंदेच्या मुलाला ती भुयाराची गोष्ट इतकी आवडली की खरी गोष्ट सांगणारी मीच वाईट ठरले. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये नगरचा किल्ला लढवला तो भुईकोट, खाली शहरात. तो लष्कराच्या ताब्यात आहे. जाताना प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र बरोबर ठेवा, नाहीतर दारातून परत यावे लागेल. ‘मी आत सोडतो’ म्हणणाऱ्या कोणाची तिथे गरज नाही. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू आणि मौलाना आझाद याच किल्ल्यात कैदेत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि ‘गुबार-ए-खातिर’ ही दोन्ही पुस्तके इथे लिहिली गेली. माझ्या मते उर्दू वाचणाऱ्या घराने नगरला येऊन दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, हे पाहावे.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की हे सगळे दुसऱ्यांच्या तीर्थांचे दुखणे आहे. तसे नाही. अजमेरला गेलेल्या किती जणांनी दरवाज्यापाशीच हाताला धरून नेणारा माणूस पाहिला नाही? नाव, गाव, वडिलांचे नाव वहीत लिहायचे, डोक्यावर चादर धरायची, दुआ मागायची आणि मग देगसाठी किती लिहू असे विचारायचे. त्या वेळी तुमचे डोळे भरलेले असतात. तिथे १९५५ च्या कायद्याने चालणारी दर्गाह कमिटी आहे, तिच्याकडे देणगी दिली की पावती मिळते. पण चादरीखाली उभ्या असलेल्या माणसाला ते कुठे आठवते? चादर किती हे दुकानात शिरण्याआधी विचारायचे आणि मनात जेवढे ठरवले तेवढेच वेगळे काढून खिशात ठेवायचे. पाकीट बाहेर काढायचेच नाही. आमच्या अम्मी हे करत. त्यांच्या रुमालाला गाठ असायची, गाठीत तेवढेच पैसे.

अजमेरला फार तर हजार-दोन हजार जातील. उमऱ्याच्या नावाने जन्माची कमाई जाते.

आमच्या मोहल्ल्यात एक गृहस्थ आहेत, सरकारी कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीचे पैसे आले तसे त्यांनी पती-पत्नीच्या उमऱ्याचे ठरवले. एजंट ओळखीचा, मशिदीत पहिल्या सफेत दिसणारा. दाढी, अत्तर, बोलण्यात प्रत्येक वाक्याला इन्शाअल्लाह. पॅकेज बाजारापेक्षा बरेच स्वस्त. हॉटेल ‘हरमपासून चालत पाच मिनिटे’. पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर दिले, पावती मागितली नाही. अल्लाहच्या घरी जाताना पावती काय मागायची! ईदसारखा माहौल झाला, नातेवाईक भेटून गेले, दुआ सांगून गेले, बॅगा भरल्या. तारीख एकदा पुढे गेली, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी फोन बंद. पोलिसांत तक्रार झाल्यावर काही रक्कम परत आली, सगळी नाही. पण चाचींनी मला जे सांगितले ते पैशांचे नव्हते. ‘लोक विचारतात, उमरा कसा झाला? गल्लीत निघायला लाज वाटते,’ त्या म्हणाल्या. लाज त्यांना का वाटावी, मला अजून कळत नाही. पण ती वाटते, म्हणूनच अशी माणसे तक्रार करत नाहीत आणि तोच एजंट पुढच्या गावात पुन्हा पहिल्या सफेत उभा राहतो.

लटकूला शनीची भीती माहीत आहे, पॉलिशवाल्याला साईभक्ताची घाई माहीत आहे, तशी या माणसाला आपली तळमळ माहीत आहे. ‘आपला माणूस’ या दोन शब्दांवर आपण हिशेब सोडून देतो. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम ज्या किताबात इतक्या तपशिलाने आला, ती मानणारे आपण पावती मागायला शरमतो.

उमऱ्याचे पैसे देताना काय पाहावे ते सांगते. पैसे कंपनीच्या बँक खात्यात द्या, माणसाच्या नाही. हॉटेलचे नाव कागदावर हवे. ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द त्यापुढे असतील तर ते नाव नसल्यासारखेच आहे, कारण तत्सम हॉटेल तीन किलोमीटरवरही असू शकते. विमानाचा पीएनआर मागा आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः, नाहीतर मुलाकडून, तपासा. तिकीट निघाले आहे की नुसती जागा धरून ठेवली आहे, ते पाहा. आठवड्याने पुन्हा तपासा, कारण धरलेली जागा सुटते आणि आपल्याला कळत नाही. परतीचे तिकीटही त्यातच आहे ना, ते पाहा. हजसाठी मात्र वेगळे नियम आहेत. हज कमिटीचा अर्ज तिच्या संकेतस्थळावर किंवा ‘हज सुविधा’ ॲपवरच भरायचा असतो, आणि खाजगी टूरचे नाव अल्पसंख्याक मंत्रालयाच्या यादीत असावे लागते.

‘भेटीच्या व्हिसावर हज करून आणतो’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. हे पैशांचे राहिलेले नाही. २०२४ च्या हजमध्ये भयंकर उष्म्याने १३०१ माणसे मेली, आणि सौदी सरकारच्याच आकड्यांप्रमाणे त्यांतले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले होते. परवाना नाही म्हणून गार तंबू नाही, बस नाही, उन्हात मैलोन्मैल पायपीट. इजिप्तने त्यानंतर १६ पर्यटन कंपन्यांचे परवाने रद्द केले. त्या हाजींनीही कोणावर तरी विश्वास ठेवूनच पैसे दिले होते.

फसवले गेलोच तर? ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० हा नंबर फिरवा. घरी जाऊन, विचार करून, मोठ्या भावाला विचारून नाही. पैसे समोरच्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी ते अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. रस्त्यावर कोणी अंगावर आले, गाडी अडवली, तर ११२. दुकानात पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. टूरवाल्याने फसवले तर पोलिसांखेरीज जिल्हा ग्राहक आयोगही आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, टूर कंपनी मुंबईची असो की हैदराबादची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. हे मोहल्ल्यातल्या त्या चाचांना माहीत नव्हते. कागद असता तर ही दारे त्यांना उघडी होती.

एवढे सगळे वाचून कोणी घराबाहेर पडायचेच सोडू नये. या जिल्ह्यात मी वीस वर्षे फिरते आहे आणि वाईटापेक्षा चांगलेच जास्त भेटले. शिंगणापूरच्याच रस्त्याला दोन्ही बाजूंनी रसवंत्या आहेत, बैल फिरवून लाकडी चरकावर ऊस गाळणाऱ्या. एकदा रणरणत्या उन्हात आमची गाडी बंद पडली, तर रसवंतीवाल्या बाईने आम्हाला सावलीत बसवले आणि नमाजसाठी पोत्यावर स्वच्छ चादर अंथरून दिली. पैसे फक्त रसाचे घेतले.

आणि एसटी आहे. मामूंना गाडीशिवाय फिरणे कमीपणाचे वाटते, पण खर्चाचा अंदाज यायला एसटीसारखे दुसरे काही नाही. माळीवाडा किंवा तारकपूर स्टँडच्या चौकशी खिडकीवर जाऊन शिर्डीचे, घोडेगावचे, पाथर्डीचे भाडे विचारून ठेवा. मग टॅक्सीवाला किती पट सांगतो आहे ते आपोआप कळते. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. आधार कार्ड मात्र जवळ हवे.

या दिवाळीत येणार असाल तर पहिला दिवस शहरासाठी ठेवा. सकाळी किल्ला, मग फराहबाग, दुपारी रणगाड्यांचे संग्रहालय, आणि ऊन उतरल्यावर सलाबतखानाची कबर, म्हणजे तुमचा चांदबीबी महाल. तिथे तिकीट लागत नाही, तेव्हा तिकिटाचे पैसे कोणाला देऊ नका. रिक्षा करणार असाल तर जाण्यायेण्याचे आणि वर थांबण्याचे मिळून किती, ते बसण्याआधी ठरवा. वर पाणी मिळत नाही, बाटल्या खालूनच भरून न्या.